‘मी खरंच कमी खाते’: ७५ किलोवर अडलेल्या वजनाचे एक प्रकरण

पहिल्या भेटीत ताईंनी माझ्यासमोर एक जाड वही ठेवली. रोजचे एक पान. वर तारीख, खाली सकाळचे वजन, मग दिवसभरात जे जे तोंडात गेले त्याची नोंद आणि शेवटी लाल पेनाने अधोरेखित केलेली कॅलरींची बेरीज. ११८०, १२४०, ११५०, १३००. पाच महिन्यांत एकही पान कोरे नव्हते. तापाने अंथरुणावर होत्या त्या दोन दिवसांचाही हिशेब होता.

“मॅडम, घरचे म्हणतात मी चोरून खात असेन,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला तरी पटतंय का, की मी खरंच कमी खाते?”

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी खूपदा ऐकले आहे. ते ऐकताना समोरच्याच्या आवाजात जो थकवा असतो तो खोटा नसतो. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण या वाक्यावर आपण सहसा दोनच उत्तरे देतो. एकतर ‘तुम्ही खोटे बोलता’, नाहीतर ‘तुमचे हार्मोन बिघडलेत’. ताईंच्या बाबतीत दोन्ही चुकीची होती. आधी माझेही उत्तर चुकलेच होते. ओळख पटू नये म्हणून त्यांचे वैयक्तिक तपशील गाळले आहेत.

वय ४६, उंची १६० सेंमी, बैठे काम, घरात चार माणसे, स्वयंपाक त्यांच्याकडे. एक वर्षापूर्वी वजन ८४.२ किलो होते. कोणाचीही मदत न घेता, वाचून-ऐकून त्यांनी खाणे आवरले आणि आठवड्यातून पाच दिवस पहाटे झपझप चालायला सुरुवात केली. सात महिन्यांत नऊ किलो उतरले. सगळ्यांनी कौतुक केले. मग काटा ७५ वर येऊन थांबला आणि पुढचे पाच महिने ७४.६ ते ७५.८ यांच्यामध्येच फिरत राहिला. वही तीच, चालणे तेच, बेरीज तीच. “वजन स्टक झालंय,” एवढेच त्या म्हणत.

वहीसोबत थायरॉइडचे तीन रिपोर्ट होते, तीन वेगवेगळ्या महिन्यांतले. तिन्ही नॉर्मल. तिसरा रिपोर्ट माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा पडलेला होता, आणि ते मला आजही आठवते. चांगला रिपोर्ट पाहून माणसाला वाईट का वाटावे? कारण त्यात काही निघाले असते तर लोकांनी विश्वास ठेवला असता. आजार निघावा अशी आशा धरण्यापर्यंत आपण एखाद्याला आणून सोडतो, हे फार वाईट आहे.

इथे थायरॉइडबद्दल दोन शब्द. ग्रंथी मंदावली तर वजन वाढते, हे खरे. पण ती वाढ बहुतेकदा दोन ते साडेचार किलोंच्या आसपास असते, आणि त्यातही मोठा वाटा अंगात साठलेल्या पाण्याचा आणि मिठाचा असतो. तपासणी एकदा नीट करून घ्यावी. नॉर्मल आली तर मात्र तोच दरवाजा पुन्हा पुन्हा ठोठावू नये. ताईंच्या डॉक्टरांनी साखर, मूत्रपिंड, यकृतही तपासले होते. कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढणाऱ्या दुर्मिळ आजाराच्या खुणाही नव्हत्या. त्या आजारात पोटावर रुंद जांभळट पट्टे उठतात, किरकोळ लागले तरी काळेनिळे डाग पडतात, बसलेले उठताना मांड्यांत बळ राहत नाही. पाळी वर्षभरापासून मागेपुढे होत होती. या वयात ते अपेक्षितच. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होऊ लागले की चरबी मांड्यांपेक्षा पोटाकडे जास्त जमते, आणि वजन तेच असूनही कपडे कमरेत घट्ट होतात.

माझा पहिला सल्ला

सगळे कागद पाहून मी जे केले ते बहुतेक ठिकाणी होते तेच होते. वहीतली बेरीज मी खरी धरली. १२०० वर वजन उतरत नाही, तर ११०० करू या. सकाळच्या चालण्याला संध्याकाळचे अर्ध्या तासाचे जोडू या. सहा आठवडे करून पाहा.

ताईंनी एक दिवसही चुकवला नाही. पहिल्या आठवड्यात ९०० ग्रॅम उतरले. दुसऱ्यात २०० ग्रॅम. तिसऱ्यात ते सगळे परत आले. चौथ्या आठवड्यापासून रविवारी रात्री त्यांचा तोल जाऊ लागला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, दिवा न लावता, हाताला येईल ते खाणे. हे त्यांनी वहीत लिहिले होते, पण कॅलरींच्या जागी रेघ मारून. सहाव्या आठवड्यात समोर बसून रडल्या.

ती रेघ मी पाहिली आणि चूक माझी आहे हे मला कळले. पाच महिने थांबलेल्या वजनावर मी आणखी उपासमार लादली होती, आणि मुळात आकडा बरोबर आहे का हे तपासलेच नव्हते.

उपासमारीने माणसाचे मन काय होते, हे नवे नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४–४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला होता. सहा महिने त्यांना गरजेच्या जेमतेम निम्मे, म्हणजे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी दिल्या. ती मुले दिवसभर जेवणाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली. पाय सुजून अंगात पाणी साचले, त्यामुळे चरबी उतरत असूनही काटा ते नीट दाखवेना. ताईंची परिस्थिती त्यांच्याइतकी टोकाची नव्हती. पण अंधारात उभे राहून खाणाऱ्या बाईला ‘तोंडावर ताबा ठेवा’ म्हणणारे त्या तरुणांनाही तेच म्हणाले असते का, असा प्रश्न मला पडतो.

चौदा दिवस फक्त मोजायचे

मी ताईंची माफी मागितली आणि दुसरा प्रस्ताव ठेवला. दोन आठवडे काहीही कमी करायचे नाही. नेहमीसारखे खा, नेहमीसारखे चाला. फक्त स्वयंपाकघरात एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा ठेवा आणि ‘चमचा’, ‘मूठ’, ‘वाटी’ हे शब्द वहीतून काढून टाका.

हे सांगताना मी एका जुन्या संशोधनाची गोष्ट सांगितली. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला. त्यातल्या मुख्य गटात दहा लोक होते. सगळे सांगत होते की आम्ही १,२०० कॅलरींच्याही खाली खातो आणि तरी वजन हटत नाही. संशोधकांनी त्यांना खास समस्थानिकांनी, म्हणजे मूलद्रव्याच्या किंचित जड रूपांनी, चिन्हांकित केलेले पाणी प्यायला दिले. त्या पाण्यावरून शरीराने खरोखर किती ऊर्जा खर्च केली ते मोजता येते. या लोकांचा ऊर्जाखर्च त्यांच्या शरीरमानाने अगदी सर्वसाधारण निघाला. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होती आणि हालचालीची ५१ टक्के जास्त. या आकड्यांवरून लोक लगेच ‘बघा, खोटारडे’ म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्यांना थायरॉइडच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या, तरुणपणापासून अनेक आहार करून झाले होते, आणि आपला दोष आनुवंशिक आहे असे ते मनापासून मानत होते. मापच चुकले तर प्रामाणिक माणसाचाही हिशेब चुकतो.

ताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी खोटी नाही, पण माझी वही खोटी असू शकते.” मला हे इतके नेमके मांडता आले नसते.

आता तेलाच्या बाटलीची गोष्ट सांगते, कारण या प्रकरणातला सर्वांत मोठा आकडा तिथेच सापडला. ताई वहीत रोज ‘तेल २ चमचे’ लिहीत. दोन छोटे चमचे म्हणजे १० ग्रॅम, ९० कॅलरी. पण स्वयंपाक चौघांचा एकत्र होतो, तेल भांड्यात अंदाजाने पडते आणि आपल्या ताटात त्यातले किती आले हे कोणालाच दिसत नाही. म्हणून आम्ही ताटातले तेल मोजण्याचा नाद सोडला आणि बाटलीच मोजली. सोमवारी सकाळी भरलेली बाटली काट्यावर ठेवली. पुढच्या सोमवारी सकाळी पुन्हा ठेवली, मध्ये ओतलेले तेल धरून. आठवड्यात १,०५० ग्रॅम गेले होते. चार माणसे, सात दिवस. माणशी रोज साडेसदतीस ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे सुमारे ३४०. वहीत होत्या ९०. एका दिवसात अडीचशेचा फरक, आणि त्यात एक घासही चोरून खाल्लेला नव्हता.

ताईंनी तो हिशेब दोनदा केला. मग बाटली हातात घेऊन तिच्या तोंडाला अंगठा लावून पाहिला. तोंड रुंद होते. बाटली जराशी तिरकी केली की धार जाडच पडायची.

दुसरा फरक सुक्या मेव्याचा. ‘मूठभर, १५ ग्रॅम, ९० कॅलरी’ अशी नोंद असे. त्यांची मूठ काट्यावर ३४ ग्रॅम भरली, म्हणजे दोनशेच्या थोडे वर. तिसरा फरक स्वयंपाक करताना घेतलेल्या चवींचा आणि मुलांच्या ताटात उरलेल्या दोन घासांचा. हे त्या ‘खाणे’ धरतच नव्हत्या. ते टाकून न देणे हा त्यांच्या लेखी घरकामाचा भाग होता. तेही वेगळ्या वाटीत जमवून तोलले तेव्हा दिवसाला शंभर कॅलरींच्या आसपास गेले.

चौदा दिवसांची सरासरी आली १,७१०. वहीतल्या बेरजेपेक्षा साधारण साडेचारशेने जास्त.

त्या दोन आठवड्यांत वजनाची सरासरी जागची हलली नव्हती. म्हणजे शरीराचा खर्चही १,७१० च्याच आसपास होता. कोणत्याही सूत्रापेक्षा किंवा कॅलरी दाखवणाऱ्या घड्याळापेक्षा मला हे मोजमाप जास्त खात्रीचे वाटते. वजन स्थिर असताना नीट तोलून नोंदवलेले खाणे म्हणजेच तुमचा खर्च. पण या आकड्याने आणखी एक प्रश्न उभा केला. ४६ वर्षांच्या, १६० सेंमी उंचीच्या, ७५ किलोच्या स्त्रीच्या शरीराला नुसते पडून राहायला सूत्राप्रमाणे सुमारे १,३६० कॅलरी लागतात. बैठ्या दिनक्रमाचे धरले तर एकूण १,९०० च्या जवळ जायला हवे. वर पाच दिवसांचा व्यायाम. मग १,७१० च का?

व्यायामाच्या दिवशी उरलेला दिवस

पाणी कुठे मुरते हे पावलांच्या मोजणीने दाखवले. खरे सांगायचे तर हे निघेल असे मला वाटले नव्हते.

ताई पहाटे साडेचार किलोमीटर चालत. त्याची सुमारे ६,००० पावले. व्यायामाच्या दिवसांची एकूण पावले निघाली सरासरी ८,१००. म्हणजे पहाटेनंतर उरलेल्या अख्ख्या दिवसात फक्त २,१००. आणि ज्या दोन दिवशी त्या चालायला जात नसत, त्या दिवशी सहज, कामाच्या ओघात ५,४००. व्यायामामुळे सहा हजारांची भर पडते असे वाटत होते. प्रत्यक्षात भर होती सत्तावीसशेची. उरलेली पावले शरीराने दिवसभरात हळूच काढून घेतली होती. जिन्याऐवजी लिफ्ट, उठून पाणी आणण्याऐवजी मुलाला हाक, जेवणानंतर ओट्यापाशी उभे राहण्याऐवजी सोफा. यातले काहीच त्यांनी ठरवून केले नव्हते. त्या दमलेल्या होत्या.

व्यायामाव्यतिरिक्तच्या या बारीकसारीक हालचालींचा वाटा आपण फार कमी लेखतो. जेम्स लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. कोणाला चरबी किती चढली यात प्रचंड फरक होता, आणि तो फरक मुख्यतः या नकळत होणाऱ्या हालचालीने ठरला. जास्त खाल्ल्यावर काहींचे शरीर आपोआप चुळबुळ वाढवते. कमी खाल्ल्यावर उलटे होते. माणूस जरा जास्त वेळ बसून राहतो, त्याला ते कळतही नाही.

वजन उतरल्यावर खर्च घटतो याची दुसरीही कारणे आहेत. ८४ किलोचे शरीर चालवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ७५ किलोच्याला लागत नाही. शिवाय नुसत्या वजनाच्या हिशेबाने घटायला हवे त्याहून थोडे जास्त ते घटते. केविन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेले गणित मला रुग्णांना सांगायला सर्वांत उपयोगी वाटते. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा खर्च वीस-तीस कॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. नऊ किलो उतरवलेल्या ताईंना आठवा. वर्षभरापूर्वीपेक्षा त्यांना रोज कितीतरी जास्त भूक लागत होती, आणि ती अंगावर काढत त्या वही भरत होत्या. याला इच्छाशक्ती कमी पडली म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, हे गणित समोर ठेवते.

मनगटावरच्या घड्याळाने यात भर घातली होती. सकाळच्या चालण्याचे ते ४१० कॅलरी दाखवी. विश्रांतीचा खर्च वजा केला तर ७५ किलोच्या माणसाच्या साडेचार किलोमीटरच्या चालण्याचे पावणेदोनशेच्या आसपास निघतात. ताई ४१० पाहून चालून आल्यावर एक जास्तीचे फळ आणि ती मूठ ‘हक्काची’ म्हणून खात. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात घड्याळे तपासली होती. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले. कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक घड्याळही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. घड्याळ ठोके आणि पावले मोजायला वापरा, जेवण ठरवायला नको.

पर्समधली गोळ्यांची पट्टी

तिसऱ्या भेटीत बोलता बोलता ताईंनी कपाळ दाबले. डोके दुखतेय का विचारले, तर म्हणाल्या, “नेहमीचंच. आता रात्रीच्या गोळीने बरंच कमी आहे.”

कोणती गोळी? पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहिले होते. त्यांनी पर्समधून पट्टी काढली. अमिट्रिप्टिलिन, २५ मिलिग्रॅम. अर्धशिशीचे झटके वारंवार येऊ नयेत म्हणून आठ महिन्यांपूर्वी सुरू झालेली. त्यांच्या मते औषध म्हणजे बीपीचे, शुगरचे. ही तर ‘डोकेदुखीची गोळी’.

अर्धशिशीवर हे औषध चांगले काम करते, त्यात वाद नाही. पण भूक वाढवणे, गोडाची ओढ लावणे आणि वजन चढवणे हे त्याचे सर्वज्ञात परिणाम आहेत. ही एकटीच गोळी नाही. मानसिक आजारांवरची ओलान्झापिन, नैराश्यावरची मिर्टाझापिन, फिट्सवरची व्हॅल्प्रोएट, नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबॅलिन, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड, मधुमेहातील इन्सुलिन आणि काही जुन्या गोळ्या, रक्तदाबावरचे प्रोप्रॅनोलोलसारखे बीटा ब्लॉकर, या सगळ्यांनी वजन वाढू शकते किंवा उतरणे अवघड होते. यातले कोणतेही औषध वाचणाऱ्याने आपल्या मनाने बंद करू नये. काही औषधे अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकते. विचारायचे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना, आणि विचारायचे मात्र नक्की. तेव्हापासून मी फॉर्मवरच्या त्या रकान्यावर विसंबत नाही. ‘दिवसभरात कोणती कोणती गोळी घेता, डोकेदुखीची, झोपेची, अ‍ॅलर्जीचीसुद्धा?’ असे तोंडी विचारते.

गोळीने झोपेचाही प्रश्न उघड केला. ताई ती रात्री साडेअकराला घेत आणि पहाटे पाचला उठून चालायला जात. साडेपाच तास. सकाळी डोके जड, पण व्यायाम चुकवायचा नाही. शिकागो विद्यापीठातल्या एका छोट्या पण काटेकोर अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, दहा जणांना सारखाच कमी आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात राहायला सांगितले होते. वजन दोन्ही वेळी सारखेच, जवळपास तीन किलो उतरले. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती आणि अपुऱ्या झोपेत ०.६ किलो. बाकीचे स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींतून गेले. झोप मोडून व्यायाम करणे हा तोट्याचा व्यवहार आहे, असे मी आता सरळ सांगते.

पुढचे आठ महिने

सुरुवात आम्ही खाणे वहीतल्या जुन्या बेरजेपेक्षा वाढवून केली. आकडे पाहून ताई घाबरल्या, पण तयार झाल्या. तीन आठवडे, रोज साधारण १,७०० ते १,७५०, तोललेले. पहिल्या चार दिवसांत वजन ७०० ग्रॅमने चढले. हे मी आधीच सांगून ठेवले होते. स्नायूंत आणि यकृतात साठणाऱ्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी अंगात राहते. तेव्हा उपासमार थांबताच जे चढते ती चरबी नसते. चौथ्या दिवसानंतर काटा स्थिर राहिला. रविवारच्या रात्रीचे ते खाणे पहिल्याच आठवड्यात बंद झाले आणि पुन्हा सुरू झाले नाही. या एकाच गोष्टीसाठी ते तीन आठवडे सार्थकी लागले असे मी म्हणेन.

मग बदल केले. तेल माणशी रोज २० ग्रॅमवर आणले, तेही रविवारी आठवड्याचे ५६० ग्रॅम वेगळ्या बाटलीत काढून. बाटली संपली की संपली. रोज कोणी चमचे मोजत बसायचे नाही. बाटलीचे तोंड अरुंद घेतले. सुका मेवा १५ ग्रॅम, खरोखरच्या. प्रथिने दिवसाला जेमतेम ४२ ग्रॅम होती, ती ८५ च्या वर नेली. मूत्रपिंड ठीक असल्याचे रिपोर्ट होते, म्हणून हे बिनधास्त करता आले. प्रथिनांनी पोट भरलेले राहते आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. एकूण खाणे १,५३० च्या आसपास आले. ताईंच्या वहीतल्या जुन्या बेरजेपेक्षा तीनशेने जास्त, आणि प्रत्यक्षापेक्षा १८० ने कमी.

पहाटेचे चालणे पाचावरून तीन दिवसांवर आणले. दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. उरलेल्या दिवसात जेवणानंतर दहा मिनिटे फिरणे, आणि एकूण पावलांचे लक्ष्य, फक्त व्यायामाच्या पावलांचे नाही. झोप सात तास. अर्धशिशीच्या डॉक्टरांना मी पत्र दिले. त्यांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली आणि त्याऐवजी कॅन्डेसार्टन हे औषध सुरू केले. मधल्या सहा आठवड्यांत दोन मोठे झटके आले. तेव्हा वजनाचा विषय आम्ही बाजूला ठेवला, आणि महिनाभर काटा हललाही नाही.

वजन रोज सकाळी करायचे, पण बघायची फक्त आठवड्याची सरासरी. यामागचे गणित प्रत्येक अडलेल्या माणसाने समजून घ्यावे. ताईंचे वजन एका आठवड्यात वर-खाली सव्वा किलोपर्यंत हलत असे, मीठ, पाळी, पोट साफ होणे-न होणे, व्यायामाने दुखावलेले स्नायू यांनुसार. चरबी उतरत होती आठवड्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम. सव्वा किलोच्या लाटांत दीडशे ग्रॅम दिसणार कसे? एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोजच्या दीडशेच्या तुटीने ती जायला पन्नासेक दिवस लागतात. जे वजन ‘हलतच नाही’ म्हणून लोक दोन आठवड्यांत योजना बदलतात, ते कित्येकदा हलत असते.

आठ महिन्यांत सरासरी ७५.२ वरून ७०.९ वर आली. कंबर ९४ सेंमीवरून ८७. अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ते ११ वरून १७. यातले किती तेलामुळे, किती गोळीमुळे, किती झोपेमुळे, याची वाटणी मी करून देणार नाही. सगळे एकमेकांत मिसळून केले, आणि ताईंना बरे करायचे होते, प्रयोग करायचा नव्हता.

त्यांचे मूळचे लक्ष्य होते ६२ किलो, लग्नाच्या वेळचे वजन. सत्तरच्या जवळ आल्यावर आम्ही त्यावर तासभर बोललो. पुढे जायचे तर खाणे आणखी खाली न्यावे लागले असते. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना फक्त सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे लक्ष्य दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ताईंचे वजन सुरुवातीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त उतरले आहे. “मग ६२ कशाला?” त्यांनी विचारले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “आता थांबू या. मला जेवून झोपायचंय.”

त्याला पाच महिने झाले. खाणे रोज १,६५० च्या जवळ, सरासरी वजन ७०.५ ते ७१.४. अर्धशिशी महिन्यातून एखादी. वही बंद आहे. तेलाची बाटली अजून रविवारी भरली जाते, आणि हल्ली ती मोठा मुलगा भरतो, काट्यावर ठेवून.